खेळ कळत नाही? मग तर बघाच!

"आपल्याला बुवा त्या खेळातलं काही कळत नाही, त्यावरचा माहितीपट कशाला बघायचा?" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर लिहूनच ठेवतो. आमच्या नातेवाईक मंडळींतही हे म्हणणारे आहेत, त्यांनी राग मानू नये.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्या माहितीपटाला आधीपासून खेळ कळणारा प्रेक्षक लागतो, तो माहितीपटच कच्चा!

'हूप ड्रीम्स' (१९९४) घ्या. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स, लांबी जवळजवळ तीन तास. शिकागोतल्या विल्यम गेट्स आणि आर्थर एजी या दोन गरीब, कृष्णवर्णीय मुलांच्या मागे कॅमेरा वर्षानुवर्षं फिरला. बास्केटबॉल चांगला खेळतात म्हणून दोघांना उपनगरातल्या खासगी शाळेत प्रवेश मिळतो. आर्थरचा खेळ अपेक्षेइतका बहरत नाही, घरच्यांना फी झेपत नाही, आणि वर्षाच्या मध्येच त्याला शाळा सोडावी लागते. विल्यमच्या फीची सोय होते... पण पुढे गुडघाच दगा देतो.

हे समजायला बास्केटबॉलचे नियम कशाला यायला हवेत? फीपायी पोराचं नाव पटावरून जाणं म्हणजे काय, हे जन्मभर खडू हातात धरलेल्या माणसाला कुणी समजावायला नको.

आर्थरच्या घरची वीज कापली जाते. त्याची आई परिचारिका सहायकाचा अभ्यासक्रम करते आणि वर्गात पहिली येते. मुलगा अठरा वर्षांचा झाला, तर तो अठरा वर्षं जगला याचंच तिला समाधान! या सगळ्यात चेंडू कुठे आहे?

यावर कुणी म्हणेल, "मग सरळ गरिबीवरच सिनेमा काढा की, मध्ये खेळ कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण खेळ इथे नुसतं निमित्त नाही. एरवी गरिबाचं नशीब कुठल्या टेबलावर ठरतं ते दिसत नाही. इथे ते डोळ्यांदेखत ठरतं. चेंडू जाळीत पडला की नाही, एवढं कुणालाही कळतं, आणि त्या एका फेकीवर कॉलेजची शिष्यवृत्ती लोंबकळत असते. उलट शौकिनाचंच लक्ष गुणफलकावर खिळतं; फीचा हिशेब त्याच्या नजरेतून निसटण्याची भीती जास्त.

माझा खरा राग आहे तो हल्लीच्या आरती-ओवाळू माहितीपटांवर. खेळाडू स्वतःच निर्माता, मित्रमंडळी साक्षीदार, आणि शेवटी चषक! तिथे तुम्ही कंटाळलात तर दोष तुमच्या अज्ञानाचा नव्हे. त्या माहितीपटाला चाहत्यांखेरीज कुणाशी बोलायचंच नसतं.

तेव्हा मंडळी, "खेळ कळत नाही" ही सबब पुरे. आई कळते ना? शाळा कळते ना? फी कळते ना? मग बसा तीन तास.