पाटीवरचा ‘ळ’
बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या एखाद्या गृहसंकुलात दारावर मराठी आडनावाची लाकडी पाटी दिसली, की मी थबकतो आणि आधी ‘ळ’ पाहतो. त्याच्या गाठी पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारख्या निघालेल्या असतात. दोष सागवानाचा नसतो, कारागिराचाही नसतो. मोबाइलवरचं लहानसं चित्र मोठं करून संगणकाकडून त्याची बाह्यरेषा काढून घेतली, की कोरकाम करणारं यंत्र चित्रातल्या ठिपक्यांच्या पायऱ्या इमानेइतबारे लाकडात उतरवतं. मग पॉलिश पेपर घासत बसायचं. दाते बोथट होतात, पण अक्षराचा रेखीव काठही जातो. इलाज कोरण्याआधीच करायला हवा. बाह्यरेषा थेट फॉन्टमधून घ्यावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले सुरेख देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. चित्रच हाती असेल, तर बाह्यरेषेवरचे शेकडो बिंदू पुसून वळण खरोखर दिशा बदलतं तिथेच मोजके ठेवावेत. मधली रेषा बेझिए वक्र जुळवतो. पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात रेनो कंपनीत तो मोटारींचे आकार यंत्राने घडवण्यासाठीच वापरला होता! एक जागा मात्र उरते: शिरोरेषा आणि काना मिळतात तो आतला कोपरा. फिरतं गोल पातं तिथे गोलाईच सोडतं. तेवढ्यासाठी सुताराला पटाशी उचलायला सांगावं, आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत.