केळीचे पान आणि दान केलेली त्वचा

भाजलेल्या रुग्णाच्या वेदना आगीबरोबर संपत नाहीत. पट्टी बदलण्याची वेळ आली की सुकलेले गॉज जखमेला घट्ट चिकटलेले असते. ते सोडवताना नुकतीच धरू लागलेली कोवळी त्वचाही त्याच्यासोबत निघून येते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. माधुरी गोरे यांच्या संशोधनाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : उघडी जखम झाकावी कशाने?

हा प्रश्न मुंबईत त्यांच्या आधीही विचारला गेला होता. वाडिया बालरुग्णालयाचे डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडी पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून त्या जखमांवर वापरल्या आणि १९८५ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सालीखाली जखम ओलसर राहते, हे त्यातील मर्म. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत हे वाचून थोडे स्मित उमटेल. पण ज्या रुग्णालयात महागड्या पट्ट्या परवडत नव्हत्या, तेथे ती साल फार मोलाची होती.

डॉ. गोरे यांनी त्याही पुढे जाऊन केळीचे पान निवडले. पान रुंद असते, त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो, म्हणून ते जखमेला चिकटत नाही. त्यांच्या चमूने ३० रुग्णांमध्ये केळीच्या पानाची पट्टी व बटाट्याच्या सालीची पट्टी यांची तुलना केली. दोन्हींची उपयुक्तता सारखीच ठरली. मात्र सालीची पट्टी पानाच्या पट्टीपेक्षा ११ पट महाग पडत होती. हिशेब जाणणाऱ्या वाचकाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कलमासाठी रुग्णाच्या अंगावरून त्वचा काढली की तेथेही जखम होते. तिच्यावरही त्यांनी हेच पान वापरून पाहिले. व्हॅसलीन लावलेले गॉज काढताना रुग्ण कळवळत, पान मात्र अलगद सुटून येई.

परंतु पानाला मर्यादा आहे. जखम खोल असेल आणि निम्म्याहून अधिक शरीर भाजले असेल, तर कलम करण्याइतकी स्वतःची त्वचाच रुग्णाजवळ उरत नाही. उघड्या जखमेतून पाणी व प्रथिने झिरपत राहतात, जंतू आत शिरतात. अशा वेळी मृत व्यक्तीची त्वचा तात्पुरते आवरण म्हणून उपयोगी पडते. रुग्णाचे शरीर ती कायमची स्वीकारत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत ती गळून पडते. पण तेवढ्या अवधीत रुग्ण सावरतो, आणि जेथून स्वतःची त्वचा घेतली होती ती जागा भरून येऊन पुन्हा कलमासाठी तयार होते. तेवढे दिवस मिळणे न मिळणे यावर कित्येकदा जगणे अवलंबून असते.

यासाठी डॉ. गोरे यांच्या पुढाकाराने २००० मध्ये शीव येथे त्वचापेढी सुरू झाली. दान मिळालेली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, शीतकपाटाच्या तापमानात ठेवली जाते. अशा रीतीने ती पाच वर्षांपर्यंत टिकते. यंत्रे आली, पद्धत बसली. अवघड गोष्ट होती ती त्वचा मिळवण्याची, कारण तिचा निर्णय शल्यचिकित्सकाच्या हाती नसतो. तो शोकाकुल घरात, मृत्यूनंतरच्या सहा तासांच्या आत घ्यावा लागतो.

नेत्रदानाची प्रथा अनेक कुटुंबांत रुळली आहे; त्वचादानाची अजून नाही. पार्थिव विद्रूप होईल, ही भीती सर्वांत मोठी. प्रत्यक्षात मांड्या, पाय व पाठ येथील केवळ वरचा पातळ थर घेतला जातो. चेहऱ्याला हात लागत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. दात्याचे वय १८ वर्षांहून अधिक असावे. एड्स, कावीळ यांसारखे संसर्गजन्य रोग किंवा त्वचेचा कर्करोग असल्यास दान स्वीकारले जात नाही. मृताने हयातीत संमतिपत्र भरले असले, तरी त्या घडीला जवळच्या नातलगाने होकार द्यावा लागतो. नेत्रपेढीला कळवतानाच त्वचापेढीलाही कळवता येते. पथक घरी येते, पाऊण तासाच्या सुमारास काम आटोपते, आणि पट्टी बांधून पार्थिव कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते.