सवयीच्या नावाखाली

'खान्देशी माणसाला उन्हाची सवय असते.' नशिराबादच्या महामार्गालगत ट्रक भरणाऱ्या हमालासाठी किंवा मळ्यात केळीचे घड वाहणाऱ्या मजुरासाठी दुपारच्या सुटीचा विषय निघाला, की हेच उत्तर मिळतं. मुकादम देतो आणि पुष्कळदा मजूर स्वतःही देतो.

हे म्हणणं निराधार नाही. एक-दोन आठवडे उन्हात राबलं की शरीर खरोखर बदलतं. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, छातीची धडधड उतरते. पण याचा अर्थ उलटा लावला जातो. सवय झालेला माणूस जास्त घाम गाळतो, म्हणजे त्याला पाणी जास्त लागतं, कमी नव्हे! मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी, की घाम दिसण्याआधीच वाळतो. अंगातून किती पाणी गेलं ते ज्याचं त्यालाही कळत नाही. पारा 45 अंशांवर असतो तेव्हा कातडीचं तापमान साधारण 35 असतं. अशा वेळी वारा स्वतः अंग तापवतो. घाम वाळून जो गारवा मिळेल तेवढाच आधार.

त्यात कामाची भर. मेहनतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होऊन अंगात साठते. दुपारी तेच रक्त स्नायूंनाही हवं असतं आणि ही उष्णता बाहेर टाकायला त्वचेलाही. म्हणून सकाळी 7 वाजता उचललेली 50 किलोची गोणी आणि दुपारी 1 वाजता उचललेली गोणी, वजन तेच असलं तरी काम तेच नाही. उक्त्या कामात तर मजूर थांबूही शकत नाही. थांबला की मजुरी बुडाली.

बसून काम करणारेही यातून सुटत नाहीत. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने बिनतारी संदेश टिपणाऱ्यांवर केलेले प्रयोग 1946 मध्ये प्रसिद्ध झाले. उष्मा वाढला तशा त्यांच्या चुका वाढल्या. अतिशय कसलेल्यांना त्याचा त्रास कमी झाला, हे खरं. पण ट्रकच्या स्टिअरिंगमागे बसलेला प्रत्येक जण तसा कसलेला नसतो.

1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उन्हाळ्यात गार पाणी सक्तीचं केलं. शेतातल्या मजुराला तेवढंही मिळालं नाही.

ठेकेदारांनो, बागायतदारांनो, एप्रिल-मे महिन्यांत जड काम पहाटे सुरू करा, 11 ते 4 बंद ठेवा, आणि त्या विसाव्याची मजुरी कापू नका.