मनूची कुंभी आणि श्रीखंडाचा डबा

शतपथ ब्राह्मणांतील मनु व मत्स्य यांची कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. हात धुतांना मनूच्या ओंजळींत इवलासा मासा येतो व रक्षण मागतो. कारण पाण्यांत मोठा मासा लहानाला गिळतो. मनु त्याला प्रथम कुंभींत, ती अपुरी पडतांच खड्ड्यांत ठेवतो, आणि शेवटीं समुद्रांत सोडतो. या कथेंत संगोपनाचा एक धडा आहे, हें मात्र आम्हांला गेल्या वर्षीं नातवाच्या काचेच्या पेटीपुढें बसून शिकावें लागलें.

पेटींत गप्पी जातीचे मासे आहेत. त्रिनिदाद बेट व दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग हें त्यांचें मूळस्थान. मादी अंडीं न घालतां सुमारें ४ आठवड्यांनीं जिवंत पिलें प्रसवते, आणि तीं समोर दिसलीं कीं स्वतःच गिळूं लागते. मात्स्यन्याय हा शब्द आम्ही आजवर राजनीतीपुरताच वापरीत आलों होतों. येथें तो प्रत्यक्ष दिसला.

पहिल्या वेळीं नातवानें हांक मारतांच आम्ही वडीलकीनें पुढें सरसावलों. काचेची एक लहान बरणी घेतली, नळाचें ताजें पाणी भरलें व पिलें तींत सोडलीं. सायंकाळपर्यंत बहुतेक मेलीं. नातू रडला नाहीं; ‘आजोबा, पाणी तर स्वच्छ होतें ना?’ एवढेंच त्यानें विचारलें. पस्तीस वर्षांच्या मास्तरकीनंतर या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

उत्तर पुढें शोधून काढलें. नळाच्या पाण्यांतील जंतुनाशक क्लोरीन माशांचे कल्ले जाळतें. उष्णमानांत एकाएकीं पडलेला फरकहि पिलांना सोसत नाहीं. शिवाय माशांच्या मलांतून व उरलेल्या अन्नांतून विषारी अमोनिया निघतो. पेटीच्या गाळणींत वाढलेले सूक्ष्म जंतु त्याचें रूपांतर करून त्याची बाधा कमी करतात. नव्या बरणींत तें काम करणारें कोणीच नसतें. म्हणजे पिलांना आमचें स्वच्छ पाणी नको होतें. पाणी आईचेंच हवें होतें, फक्त आईचें तोंड दूर हवें होतें.

पुढच्या वेताला सूनबाईंनीं युक्ति काढली. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा त्यांनीं साबण न लावतां गरम पाण्यानें धुतला. डब्याच्या बुडाशीं त्रिकोणांत ५ हा आंकडा होता; हें प्लास्टिक उष्णता बरीच सोसतें. पाण्याच्या बाटलीवर बहुधा १ हा आंकडा असतो. ती उकळत्या पाण्यानें वेडीवांकडी होते. नंतर खिडकीशीं बसून तापलेल्या सुईनें बाजूंना व बुडाला मोहरीहून लहान भोंकें पाडलीं, आंतल्या कडा घांसून गुळगुळीत केल्या, आणि कपड्यांच्या दोन चिमट्यांनीं डबा पेटीच्या कडेला असा अडकविला कीं त्याची कड पाण्याच्या दोन बोटें वर राहावी. पाणी आंतबाहेर खेळे, उष्णमान एकच राही, आणि मोठ्यांना मात्र आंत मज्जाव. दिवसांतून तीन-चार वेळां चिमूटभर बारीक पूड केलेलें खाद्य घालावयाचें व उरलेलें रोज औषधाच्या ड्रॉपरनें शोषून काढावयाचें, एवढाच नेम. २४ पैकीं १९ पिलें जगलीं.

तथापि कुंभी ही कायमची नव्हे. तीन आठवड्यांतच डब्यांत दाटी झाली, तेव्हां पिलें मोठ्या प्लास्टिकच्या टोपलींत हलविलीं. पुढें दीड महिन्यानें, मोठ्यांच्या तोंडांत मावेनाशीं झाल्यावर, त्यांना पेटींत सोडावयाचें ठरलें. नातू कांकूं करीत होता. एकदां हात पोळला होता ना! आम्हीं त्याला सांगितलें, ‘बाळ, पहिली चूक आमची होती. आतां तूंच टोपली काढ.’ त्यानें ती हळूच कलती केली.

मनूचें शेवटचें पाऊल मात्र कोणीं गिरवूं नये. परदेशी मासा नदींत किंवा तळ्यांत सोडला तर तेथील मूळच्या माशांच्या अन्नावर व जागेवर गदा येते. अधिक झालेलीं पिलें शेजाऱ्यांना द्यावीं.

लेंकरांना सांभाळणें म्हणजे त्यांना निराळ्या बरणींत ठेवणें नव्हे. घरच्याच पाण्यांत, पण बेताची भिंत घालून त्यांना वाढवावें, आणि ती भिंत वेळेवर आपल्या हातांनीं काढावी. आम्हांला हें साठीनंतर उमगलें. वाचकांना आधींच उमगो.