बाईला ‘जास्तीची’ ठरवते कोण?

१ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन आलेल्या प्रत्येकाला २२ हा आकडा पाठ असतो. स्तंभावरच्या मृत सैनिकांच्या यादीत ‘नाक’ लावलेली ती २२ नावे आपल्या पूर्वजांची. १९२७ साली बाबासाहेब त्यांच्यापुढे उभे राहिले. आज लाखो लोक उभे राहतात, आमच्या पिंपळवंडीकडूनही माणसे गाड्या भरून जातात. त्यात वावगे काही नाही. पण त्या २२ जणांच्या मागे ज्या बाया राहिल्या, ज्या पोरींची सोयरीक ठरून मोडली, ज्या बहिणींचे लग्न लावून देणारा भाऊच गेला, त्यांचे पुढे काय झाले? हा प्रश्न तिथल्या एकाही स्टेजवरून मी ऐकलेला नाही.

चार माणसांत हा प्रश्न काढला की उत्तर ठरलेले असते. “ते ब्राह्मणांच्या घरचे दुखणे. सती त्यांच्यात, केशवपन त्यांच्यात. आपल्यात पाट लागायचा, आपली बाई कधी बसून राहिली नाही.”

हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे फार सोयीचे असते. पाट होता. तो लागायचा रात्री, अंधारात, सवाष्णींची नजर चुकवून. वर त्यावर पाटदाम नावाची पट्टी होती, म्हणजे विधवेने पुन्हा संसार मांडला की सरकारला पैसे मोजायचे. ज्या लग्नाची लाज समाजाला आणि कमाई सरकारला, त्याला मोकळीक म्हणायचे असेल तर म्हणा. आणि पाट विधवेसाठी होता. जिचे पहिले लग्नच राहिले तिच्याबद्दल हे उत्तर काहीच बोलत नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला एक नाव दिले आहे. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त वर्ग, आणि तो बंदिस्त ठेवायचा तर जातीत लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारखे हवेत. नवरा मेला की एक बाई ‘अतिरिक्त’ होते. ती जातीबाहेर लग्न करील ही भीती, आणि जातीतच दुसरा केला तर एका कुमारिकेचा वाटा जातो ही दुसरी भीती. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर सक्तीचे वैधव्य लादा. पुरुष अतिरिक्त झाला तर त्याला जाळायचे नाही, त्याला अजून वयात न आलेली पोर बायको म्हणून आणून द्यायची. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे लिहिले तेव्हा युरोपात पहिले महायुद्ध चालू होते आणि रोज हजारो तरुण मरत होते.

पाच वर्षांनी तोच शब्द इंग्रजांच्या वर्तमानपत्रांत आला. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया १७ लाखांहून अधिक निघाल्या आणि या ‘जास्तीच्या बायकां’चे करायचे काय, यावर चर्चा झडू लागल्या. वसाहतींमध्ये पाठवा, अशाही सूचना आल्या. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्येच शिकत होते. त्या बायकांची हेटाळणी झाली, पण त्या शिक्षिका झाल्या, कारकून झाल्या, १९१९ च्या कायद्याने वकिलीचे दारही उघडले. लग्न केले की बहुतेक ठिकाणी शिक्षिकेची नोकरी जायची, हेही विसरू नये. गोऱ्यांच्या देशात स्वर्ग होता असे मला म्हणायचे नाही.

मला म्हणायचे आहे ते गणिताबद्दल. त्याच १९२१ साली आपल्या देशात दर हजार पुरुषांमागे ९५५ स्त्रिया होत्या. महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले, पण पाठोपाठ १९१८ च्या तापाच्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. बायका मुळातच कमी होत्या. आकड्याने पाहिले तर इथे एकही बाई ‘जास्तीची’ असायचे कारण नव्हते. तरी घरोघर जास्तीच्या बाया होत्याच. इंग्लंडमध्ये बाई युद्धामुळे जास्तीची झाली, इथे नियमामुळे झाली. युद्धाने फक्त तिची संख्या वाढवली. बाबासाहेबांचा निबंध खरा की खोटा हे तपासायला यापेक्षा चांगला पुरावा नको.

आता निबंध जिथे थांबतो तिथून पुढे जाऊ. जाळणे आणि कोंडणे हे वरच्या जातींचे उपाय. पानिपतानंतरची पार्वतीबाई आठवा. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते मानले नाही, सती गेल्या नाहीत, १७८३ पर्यंत सवाशीण म्हणून जगल्या. भाऊंच्या नावाने तोतया आला तेव्हा अख्खे पेशवे सरकार कामाला लागले. एका बाईला नवरा आहे की नाही, हा राज्याचा प्रश्न झाला. त्यांचे दुःख मला लहान करायचे नाही. पण त्याच पानिपतात बुणग्यांसोबत गेलेल्या, धरल्या गेलेल्या, परत न आलेल्या हजारो बायांना नवरा होता की नाही, हे कोणत्या दप्तराने विचारले?

खालच्या जातीच्या एकट्या बाईला कोंडत नसत. तिला मोकळी सोडत, सगळ्यांसाठी. त्याच पेशवाईत बटकी आणि कुणबिणी होत्या. कोणी मुलूखगिरीत धरलेली, कोणी दुष्काळात विकलेली, कोणी ‘बदकर्म’ केले म्हणून सरकारने ताब्यात घेतलेली. त्यांची खरेदी-विक्री व्हायची, वाड्यांत, कोठीत, किल्ल्यांवर त्या राबायच्या. कुणबिणीला कुंकवाचा धनी नसे, नुसता धनी असे. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची मान्यता गेली, पण दुसरी वाट उघडीच होती. खंडोबाला वाहिलेली मुरळी. लग्न देवाशी, म्हणून माणसाशी नाही. मुरळी युद्धामुळे जन्माला आली असे मी म्हणत नाही, नवसापोटीही पोरी वाहिल्या गेल्या. पण ज्या घरातला कमावता पुरुष गेला त्या घराला, पोरीचे काय करायचे याचे एक उत्तर गावाने आणि देवळाने आधीच तयार करून ठेवले होते, एवढे नक्की.

इथे पलटणीचा संबंध येतो. कंपनीच्या फौजेत सैनिकांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, मुलगे आणि मुली दोघांनाही, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’चे खूळ निघाले आणि महारांची भरती बंद झाली. आपण म्हणतो पुरुषांची नोकरी गेली. पोरीची शाळाही गेली, हे म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. परत १९४१ पर्यंत थांबा.

पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांना हे दोन धागे एकत्र दिसत होते. महारांना पुन्हा फौजेत घ्या म्हणून १९१० साली सरकारकडे अर्ज करणारे तेच, कोरेगावच्या स्तंभाची आठवण जागती ठेवणाऱ्यांत तेच, आणि ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळी सोडण्याच्या प्रथेवर तुटून पडणारेही तेच. त्यांच्या पत्रात शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने स्वतः पत्र लिहिले, आणि चळवळीतल्या गणपतराव गायकवाडांनी तिच्याशी लग्न केले. एकाच माणसाने दोन्ही प्रश्न हातात धरले होते. आपण पलटणीचा प्रश्न घेतला आणि मुरळीचा खाली ठेवला. पलटणीचा फ्लेक्स होतो, मुरळीचा होत नाही!

नारायणगाव पिंपळवंडीपासून लांब नाही. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर १९६२ च्या चीन युद्धात सैनिकांसमोर कला सादर करायला गेल्या होत्या, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण फडावरची बाई आणि ‘घरची’ बाई ही विभागणी जातीने केली, हे शर्मिला रेगे यांनी लावणीवर लिहिताना दाखवून दिले आहे. सैनिकाचे मन रिझवणारी एक आणि त्याची वाट पाहणारी दुसरी. जातीशिवाय ही वाटणी उभीच राहात नाही.

हे सगळे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांनी सरकारी कागद वाचावेत. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेने पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता बंद व्हायचा. दिराशी केला तर मात्र चालू राहायचा! म्हणजे बाई कुळाबाहेर जाता कामा नये, ही अट भारत सरकारची होती. ती निघाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. साखरपुडा झालेली मुलगी तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिने जन्मभर लग्न केले नाही तरी तिला ‘वीरपत्नी’ म्हणून कोणी नारळ देत नाही. मला तो नारळ कोणालाच नको आहे, पण हिशेब मांडायलाच हवा.

आणि शांततेच्या काळातली बाई? संजय गांधी निराधार योजनेत पस्तिशीपुढची अविवाहित स्त्री येते. मी पस्तिशीला टेकले आहे, लग्न केलेले नाही. उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असते तर सरकारी भाषेत मी लवकरच ‘निराधार’ झाले असते, जणू आधार म्हणजे नवराच. २०२४ ची लाडकी बहीण योजना त्याच्या पुढची. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, आणि कुटुंबातली केवळ एक अविवाहित स्त्री. एका घरात दोघी बहिणी बिनलग्नाच्या असतील, दोघी दुसऱ्याच्या कांद्यात मजुरी करत असतील, तरी दुसरी लाडकी नाही. १९१६ चा तो शब्द आठवा. दुसरी बहीण शासन निर्णयाने अतिरिक्त ठरली आहे. या दीड हजारांवर निवडणुका लढल्या गेल्या, पण या एका ओळीवर आपल्यातल्या कोणत्या गटाने मोर्चा काढला?

आपल्याकडे यावर दुसरी परंपरा नाही असेही नाही. शाक्य आणि कोलीय रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्धाला उठले, हे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचणाऱ्या सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांनी सिद्धार्थाचा गृहत्याग त्याच भांडणाशी जोडला. अट्ठकथांच्या परंपरेत रोहिणीच्या भांडणाची आणखी एक गोष्ट आहे. तंटा मिटल्यावर दोन्हीकडचे मिळून पाचशे तरुण भिक्खू झाले आणि त्यांच्या बायका मागे राहिल्या. त्या दुसऱ्या घरी गेल्या नाहीत, घरात कोंडूनही घेतले नाही. महापजापती गोतमीबरोबर त्यांनी स्वतःच्या हाताने केस कापले, काषाय वस्त्र घातले आणि कपिलवस्तूहून वेशालीपर्यंत पायी चालत गेल्या. केशवपन आणि हे केस कापणे यांत जो फरक आहे तोच या लेखाचा विषय आहे. संघाचे दार लगेच उघडले नाही, आनंदाला रदबदली करावी लागली, आठ अटीही पडल्या. त्या अटींवर वाद आहेत आणि असावेत. पण नवरा नसलेल्या बायकांना कोणाच्या पदरात घालायचे, हा प्रश्न त्यांनी इतरांच्या हातात राहू दिला नाही.

आमच्या भागातल्या विहारांत वर्षावासात ग्रंथवाचन चालते. भिक्खुणींचा भाग एका संध्याकाळी उरकतो. सतरंज्या टाकायला, खीर करायला, गाथा म्हणायला बायाच असतात, त्यांत एकट्या राहणाऱ्या बऱ्याच. समितीच्या पावतीपुस्तकावर सही मात्र पुरुषाची. या वर्षी त्या संध्याकाळी वाचन त्या बायांनी करावे आणि नंतर त्यांनीच बोलावे, पुरुषांनी खाली बसून ऐकावे. लाडकी बहीण योजनेतली ‘केवळ एक’ ही अट काढण्यासाठी तहसीलदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या सह्या हव्यात, आणि पहिल्या सह्या घरातल्या ‘दुसऱ्या’ बहिणींच्या हव्यात.