परीक्षा हवीच, पण तेराव्या महिन्यात नको

ब्रिटनमध्ये नव्याने आलेली चार मराठी माणसं एकत्र जेवायला बसली, की गाडीचा विषय निघतोच. आणि मग हमखास एक वाक्य ऐकू येतं : "वीस वर्षं पुण्यात गाडी चालवली, आणि इथे म्हणे मी परत शिकाऊ!"

हा राग मला कळतो. काही देशांचं लायसन्स इथे परीक्षा न देता बदलून मिळतं. त्या यादीत ऑस्ट्रेलिया आहे, जपान आहे, सिंगापूर आहे, झिंबाब्वेही आहे. २०२१ पासून संयुक्त अरब अमिरातही आहे. भारत नाही. म्हणजे समजा, दोन सख्खे भाऊ. एकाने दुबईत परीक्षा देऊन लायसन्स काढलं, दुसऱ्याने नाशिकच्या आरटीओत. दोघं लंडनला राहायला आले, तर पहिल्याला अर्ज करून ब्रिटिश लायसन्स मिळू शकतं. दुसऱ्याला मात्र सगळं पहिल्यापासून : कच्चं लायसन्स, लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा. लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ४३ बरोबर यावे लागतात. शिवाय रस्त्यावरचे छोटे व्हिडिओ पाहून धोका वेळेवर ओळखायचा असतो.

तरीही माझं मत असं, की आपल्याला परीक्षा द्यायला लागते हे बरं आहे. अपमान वगैरे काही नाही. आपल्याला गाडी चालवता येते, पण इथला रस्ता वाचता येत नाही, आणि गंमत म्हणजे ते आपल्या लक्षातही येत नाही. कारण भारतातही गाड्या डावीकडून चालतात आणि इथेही. अमेरिकेत गेलेला माणूस पहिल्या दिवशी घाबरून हळू चालवतो. इथे आलेला बिनधास्त असतो.

आता हेच बघा. आपल्याकडे अप्पर-डिपर मारला, तर त्याचा अर्थ "मी येतोय, थांब." इथे बहुतेक लोक दिवे मारतात ते "तुम्ही आधी जा" असं सांगायला. (इथल्या नियमपुस्तकात यातला एकही अर्थ नाही. दिवे फक्त "मी इथे आहे" एवढं सांगायला वापरावेत, असं त्यात म्हटलंय.) राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे ज्याने आधी पुढचं चाक घातलं, तो गेला. आणि झेब्रा क्रॉसिंग! तिथे माणसाने पट्ट्यांवर पाऊल ठेवलं, की गाडी थांबलीच पाहिजे. २०२२ पासून नियमपुस्तक आणखी पुढे गेलंय : तुम्ही गल्लीत वळत असाल आणि कडेला कोणी रस्ता ओलांडायला उभं असेल, तर त्याला आधी जाऊ द्या. लक्ष्मी रोडवर शिकलेल्या पायाला ही सवय आपोआप लागत नाही. ती कोणीतरी लावावी लागते.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? क्रमाबद्दल. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. म्हणजे ज्या वर्षी आपल्याला सगळ्यात कमी कळतं, त्या वर्षी आपण मोकळे. आणि वर्षभर नीट, कोणाला धक्का न लावता चालवल्यावर तेराव्या महिन्यात अचानक शिकाऊ! गाडीला पुढेमागे लाल एल, आणि शेजारी किमान तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस. हा नियम उलटा आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

त्याचा फटका बसतो तो घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या केअररला. तिची पहिली फेरी सकाळी सात वाजता, एका गावातून दुसऱ्या गावात. त्या वेळी बस कुठून मिळणार? परीक्षेची तारीख मिळायलाही अनेक ठिकाणी महिनेच्या महिने लागतात. वर्ष संपलं आणि तारीख आली नाही, तर तिची नोकरीच धोक्यात. म्हणून जिने पहिल्या सहा महिन्यांत लेखी परीक्षा पास करून तारीख मागितली, तिला ती तारीख येईपर्यंत गाडी चालवू द्यावी. एवढी सवलत सरकारने द्यायला हरकत नाही.

ती मिळेपर्यंत आपण काय करायचं? थांबायचं नाही. कच्चं लायसन्स काढलं की भारतीय लायसन्स लगेच बाद होतं, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. पहिल्या १२ महिन्यांत कच्चं लायसन्स घेतलं, तरी ते १२ महिने पूर्ण होईपर्यंत एल न लावता, एकट्याने गाडी चालवता येते. त्यामुळे अर्ज पहिल्याच महिन्यात करावा. आरटीओतून आणलेल्या आंतरराष्ट्रीय परमिटने ही मुदत वाढत नाही. आणि "कोण बघतंय?" म्हणून तेराव्या महिन्यात एकट्याने गाडी काढू नये. लायसन्स चालत नसेल, तर विमाही चालणार नाही. विम्याशिवाय पकडलं तर ३०० पौंड दंड, लायसन्सवर ६ पॉइंट, आणि पोलीस गाडी जप्तही करू शकतात.

लेखी परीक्षेचा एक भाग तुम्हा मुलांसाठी आहे. २०१४ पासून ती फक्त इंग्रजी किंवा वेल्श भाषेत देता येते. आईबाबांचं ऑफिसातलं इंग्रजी उत्तम असतं, पण 'हार्ड शोल्डर' म्हणजे काय, हे ऑफिसात कोणी विचारत नाही. तुम्हाला सतराव्या वर्षी हीच परीक्षा द्यायची आहे. तेव्हा संध्याकाळी प्रश्न तुम्ही विचारा आणि समजावून मराठीत सांगा. कोणाचे गुण जास्त येतात, ते मात्र घराबाहेर सांगू नका.