गिअरबॉक्स बांधणारा अडाणी कसा?

‘पंक्चरवाला’ ही आता शिवी झाली आहे. मुसलमानाशी वाद घालताना मुद्दे संपले की हा शब्द फेकला जातो. पण मला त्याहून जास्त राग आपल्याच सुशिक्षितांचा येतो. “पोरगा शिकला नाही, म्हणून गॅरेजात घातला,” असं ते आवाज खाली आणून सांगतात. टोमणा मारणारे आणि लाजणारे, दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: हाताच्या कामाला डोकं लागत नाही.

मावळातल्या गॅरेजांत मी गिअरबॉक्स बांधताना पाहिला आहे. बोरघाट चढताना गाडीचे गिअर सारखे बदलावे लागतात. त्या झिजेच्या खुणा इथल्या मेकॅनिकांना चांगल्याच ओळखीच्या आहेत.

उस्ताद आधी फक्त ऐकतात. न्यूट्रलमध्ये गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. एकाच गिअरला खरखर होते, तर सिंक्रो रिंगवर. मग तेल काढतात. तेलात सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंग झिजली आहे. लोखंडाचे तुकडे निघाले तर दाते किंवा बेअरिंग गेलं आहे. खोलताना प्रत्येक भाग फडक्यावर क्रमानं मांडला जातो. रिंग गिअरवर दाबून मधली फट फीलर गेजनं मोजतात. मापापेक्षा कमी भरली तर रिंग बाद. बांधताना हब उलटा बसला किंवा गिअर जागेवर धरणारी एक बारीक गोळी राहिली, तर सगळं पुन्हा खोला.

याला निदान म्हणतात. डॉक्टरनं केलं तर विद्या आणि उस्तादनं केलं तर मजुरी?

वाहनदुरुस्तीत मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणात आहेत, हे सच्चर समितीनं २००६ मध्येच नोंदवलं. २०२३ मध्ये केंद्रानं विश्वकर्मा योजना आणली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत, असायलाच हवेत. मोटार मेकॅनिक मात्र नाही. कार कंपन्यांना त्याची किंमत बरोबर कळते. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कंपन्यांना दंड ठोठावला. अडाण्याची वाट कुणी एवढ्या मेहनतीनं अडवत नाही.

मुलांनी शाळा सोडावी, असं मी म्हणत नाही. उलट, विजेच्या गाडीत असा गिअरबॉक्स नसतो. उद्या काम बदलेल, तेव्हा हातात कागद नसलेला उस्तादच आधी बाहेर फेकला जाईल. म्हणून सरकारनं मेकॅनिकला त्या यादीत घ्यावं आणि आयटीआयनं उस्तादांना शिकवायला बोलवावं. अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. तिथपर्यंत त्यांना नेण्याचं काम आपल्या जमातींचं आणि अंजुमनांचं आहे. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांचे सत्कार करता, शिष्यवृत्त्या देता, ते चांगलंच. त्याच मंचावर आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेल्या पोराचंही नाव पुकारा. आणि त्याच्या उस्तादला पहिल्या रांगेत बसवा.